प्लेटवर मूळ नमुना किती गेला? सिरियल डायल्युशन आणि डायल्युशन फॅक्टरचा हिशेब

सोयाबीनच्या पेरणीआधी बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट साधारण २५० ग्रॅमचं असतं आणि दहा किलो बियाण्याला पुरतं. आत काळी, किंचित ओलसर भुकटी असते, बहुतेक वेळा लिग्नाइटची. त्यात जिवाणू आहेत की नुसता कोळसा, हे बघून कळत नाही आणि हुंगूनही कळत नाही. २००६ मध्ये जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्या निकषानुसार अशा भुकटीच्या दर ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. खत द्रवरूप असेल तर दर मिलीलिटरमध्ये १० कोटी.

आता ५ कोटी मोजायचे कसे? एका पेट्री प्लेटवर नीट मोजता येतात त्या फार तर तीनशे कॉलन्या, म्हणजे पेशी वाढून झालेले डोळ्यांना दिसणारे ठिपके. तीनशे आणि पाच कोटी यांच्यामधलं अंतर सिरियल डायल्युशनच्या, म्हणजे नमुना पायरीपायरीने पातळ करत नेण्याच्या, हिशेबाने पार करायचं असतं. हिशेब चुकला तर निकामी पाकीट पास होतं आणि शेतकऱ्याला ते गाठींविना वाढलेल्या पिकात कळतं, किंवा चांगला माल नापास होऊन फेकला जातो.

हा हिशेब बी.एस्सी.च्या सुरुवातीलाच शिकवतात, तरी पुढे नोकरीत लागलेली माणसंही त्यात अडखळतात. माझ्या अनुभवात त्याचं कारण एकच आहे. सूत्र पाठ असतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विसरलेलं असतं. तो प्रश्न असा: या प्लेटवर मूळ नमुना नेमका किती गेला? हे सांगता आलं की बाकीचं त्रैराशिक आहे. या लेखात प्रत्येक पायरीवर मी याच प्रश्नाकडे परत येणार आहे.

फॅक्टर म्हणजे काय

एक वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घालून ताक केलं. ताक झालं चार वाट्या, त्यात दही एक वाटी. म्हणजे डायल्युशन फॅक्टर ४. पाणी तीन वाट्या घातलं म्हणून फॅक्टर ३ होत नाही. पहिली चूक इथेच होते, म्हणून हे वाक्य पक्कं करून टाका:

डायल्युशन फॅक्टर = सगळं मिळून झालेलं आकारमान ÷ त्यात घेतलेला नमुना

१ मिली नमुना आणि ९ मिली सलाइन: १० ÷ १ = १०.
०.१ मिली नमुना आणि ९.९ मिली सलाइन: १० ÷ ०.१ = १००.
१ मिली नमुना आणि ९९ मिली सलाइन: १०० ÷ १ = १००.
०.५ मिली नमुना आणि ४.५ मिली सलाइन: ५ ÷ ०.५ = १०.
१ मिली नमुना आणि ४ मिली सलाइन: ५ ÷ १ = ५.
१ मिली नमुना आणि १० मिली सलाइन: ११ ÷ १ = ११.

शेवटच्या ओळीवर थोडं थांबा. ‘१:१०’ असं लिहिलेलं दिसलं की सूक्ष्मजीवशास्त्रातला माणूस त्याचा अर्थ ‘दहात एक’ असा घेतो, म्हणजे १ अधिक ९. रसायनशास्त्रातून आलेला माणूस तेच ‘एकास दहा’ असं वाचतो, म्हणजे १ अधिक १०. दोघांचंही वाचन आपापल्या जागी बरोबर आहे. पण सहा ट्यूबांमध्ये ९ ऐवजी १० मिली सलाइन असेल, तर फॅक्टर १० लाख न होता ११ सहा वेळा गुणून १७,७१,५६१ होतो. पावणेदोन पटींहून जास्त फरक. म्हणून वहीत कधीच १:१० लिहू नका. ‘१ मिली + ९ मिली’ असं लिहा. चार अक्षरं जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

साखळी कशासाठी

दहा लाख पट पातळ करायचं तर १ मिली नमुना थेट १० लाख मिलीलिटर पाण्यात घालता येईल की! १० लाख मिलीलिटर म्हणजे १००० लिटर. इमारतीच्या गच्चीवरची काळी टाकी तेवढी असते. ती निर्जंतुक कोण करणार आणि ढवळणार कशी? तेच काम ९ मिलीच्या सहा ट्यूबांमध्ये होतं, एकूण ५४ मिली सलाइनमध्ये. पहिल्या ट्यूबमधून १ मिली दुसरीत, दुसरीतून १ मिली तिसरीत. प्रत्येक पायरीला फॅक्टर १० आणि पायऱ्यांच्या फॅक्टरांचा गुणाकार होतो. बेरीज नव्हे. १० × १० × १० म्हणजे १०००, ३० नाही. परीक्षेच्या ताणात हे ३० मी उत्तरपत्रिकांत पाहिलं आहे.

ट्यूबांवर −१, −२, −३ असे आकडे लिहितात. ते दहाचे ऋण घात आहेत. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी ते वेगळ्या रीतीने सांगते आणि ते लगेच बसतं. शाळेत म्हटलेलं आठवा: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी. मूळ नमुना एकं. −१ ची ट्यूब दहं, −२ ची शतं, −३ ची सहस्र, −४ ची दशसहस्र, −५ ची लक्ष, −६ ची दशलक्ष आणि −७ ची कोटी. रॅकमधली प्रत्येक ट्यूब म्हणजे पुढचं स्थान. −५ च्या ट्यूबमधल्या १ मिलीत मूळ नमुन्याचा लाखावा भाग आहे, हे मग वेगळं काढावं लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये आंबलेल्या दुधातला एकाच जातीचा जिवाणू वेगळा काढला तो असाच पातळ करत नेऊन, इतका की एका थेंबात एकच पेशी येण्याची शक्यता उरावी. घट्ट माध्यमावर कॉलन्या मोजण्याची सोय त्यानंतर आली. पेट्री प्लेट तर १८८७ ची.

प्रत्यक्ष काम, पाकिटापासून प्लेटपर्यंत

तयारी. ०.८५ टक्के मिठाचं सलाइन घ्या. नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, कारण त्यात काही पेशी मरतात आणि मेलेली पेशी कॉलनी देत नाही. एका मोठ्या बाटलीत ९० मिली सलाइन आणि सहा ट्यूबांमध्ये प्रत्येकी ९ मिली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ९ मिली भरून ट्यूब ऑटोक्लेव्ह केल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्या) की थोडं पाणी वाफ होऊन जातं. समजा ८.७ मिली उरलं. मग १ मिली घातल्यावर एकूण ९.७ मिली आणि फॅक्टर ९.७. एका पायरीत तीन टक्के, नगण्य वाटतं. पण ९.७ सहा वेळा गुणलं की १० लाखाऐवजी ८.३३ लाख येतात. आपण मात्र १० लाखांनीच गुणतो, म्हणजे उत्तर २० टक्के फुगतं. साखळीत चूक चक्रवाढीने वाढते, हे कायम ध्यानात असू द्या. उपाय दोन आहेत. सलाइन आधी मोठ्या फ्लास्कमध्ये निर्जंतुक करा आणि नंतर लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) निर्जंतुक पिपेटने ९ मिली भरा. ते जमत नसेल तर दोन जादा ट्यूब त्याच खेपेत ऑटोक्लेव्ह करून त्यांतलं पाणी मोजा आणि किती कमी होतं त्याप्रमाणे सुरुवातीलाच जास्त भरा.

पिपेटही तपासून घ्या. वजनकाट्यावर छोटं बीकर ठेवून १ मिली पाणी दहा वेळा सोडा आणि दर वेळी वजन लिहा. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वेळी १ ग्रॅमच्या अगदी जवळ, ०.९९६ च्या आसपास यायला हवं. आकडे ०.९५ च्या घरात येत असतील तर प्रत्येक पायरीचा फॅक्टर जवळपास १०.५ आहे आणि सहा पायऱ्यांनंतर तो १० लाखांऐवजी सुमारे १३ लाख झालेला असेल. दहा मिनिटांचं काम आहे. दर महिन्याला करा.

पहिली पायरी. पाकीट बाहेरूनच चांगलं मळून घ्या, मग फोडा. १० ग्रॅम भुकटी तोला आणि ९० मिली सलाइनच्या बाटलीत घाला. ही −१. (१० ग्रॅम भुकटीचं आकारमान बरोबर १० मिली नसतं, पण हा सर्वमान्य संकेत आहे आणि सगळे तोच पाळतात, म्हणून निकालांची तुलना होऊ शकते.) बाटली शेकरवर निदान वीस मिनिटं ठेवा. जिवाणू भुकटीच्या कणांना चिकटलेले असतात. एका कणावर पन्नास पेशी चिकटून राहिल्या तर प्लेटवर त्यांची एकच कॉलनी उठते. म्हणूनच निकाल ‘इतके जिवाणू’ असा न देता ‘सीएफयू’ मध्ये देतात. सीएफयू म्हणजे कॉलनी निर्माण करणारं एकक, मग ती एक पेशी असो किंवा पुंजका. पुंजके सोडवणं हे हलवण्याचं काम आहे, आणि नेमकं तेच घाईत कमी होतं.

दुसरी पायरी. बाटली हलवा आणि जड कण खाली बसायच्या आत मधल्या थरातून १ मिली उचला. −२ च्या ट्यूबमध्ये सोडा. पिपेटची टिप फेका. ट्यूब व्हॉर्टेक्सवर (ट्यूब जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) दहा सेकंद धरा. व्हॉर्टेक्स नसेल तर तळहातांमध्ये जोरात फिरवा. मग नवी टिप घ्या, १ मिली उचला, −३ मध्ये सोडा. असंच पुढे.

टिप बदलायची का? जुन्या टिपमध्ये ०.०२ मिली द्रव राहिला असं धरा. तो आधीच्या ट्यूबचा आहे, म्हणजे दहापट दाट. −१ चा ०.०२ मिली म्हणजे −२ च्या ०.२ मिलीइतका माल. तुम्ही −२ मधून १ मिली उचलून −३ मध्ये सोडताना तोही सोबत गेला तर १ ऐवजी १.२ गेलं, २० टक्के जास्त. टिपा महाग पडतात हे मला माहीत आहे. कॉलेजात एका बॅचला तीस विद्यार्थी आणि टिपांचा एकच डबा, हेही मी पाहिलं आहे. मग काचेची पिपेटं निर्जंतुक करून ठेवा, पण प्रत्येक पायरीला वेगळं पिपेट घ्याच.

तिसरी पायरी, प्लेटिंग. यासाठी कोणत्या ट्यूब घ्यायच्या ते अंदाजाने ठरवू नका, आधी हिशेब करा. −५ च्या १ मिलीत मूळ भुकटी एका ग्रॅमचा लाखावा भाग, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. प्लेटवर ०.१ मिली पसरवलं तर १ मायक्रोग्रॅम. निकष ग्रॅमला ५ कोटी, म्हणजे मायक्रोग्रॅमला ५०. पाकीट निकषावर अगदी काठावर उतरणारं असेल तर −५ च्या ०.१ मिलीच्या प्लेटवर सुमारे ५० कॉलन्या दिसतील. म्हणजे निर्णय देणारी ट्यूब −५ आहे. तिच्या आजूबाजूच्या −४ आणि −६ सुद्धा घ्या, आणि माल अगदी ताजा असेल तर −७ ही. प्रत्येकीच्या तीन प्लेट. शिवाय एका प्लेटवर नुसतं सलाइन पसरवा. तिच्यावर कॉलनी आली तर सगळी मोजदाद रद्द.

प्लेटच्या तळावर, झाकणावर नव्हे, ‘−५, ०.१ मिली’ असं दोन्ही लिहा. का ते पुढे येतंच.

रायझोबियमसाठी काँगो रेड घातलेलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगर वापरतात. त्यावर रायझोबियमच्या कॉलन्या पांढुरक्या, ओलसर राहतात आणि इतर बरेच जिवाणू रंग शोषून लाल होतात. प्लेट २८ ते ३० अंशांना उलट्या ठेवा. सोयाबीनचं ब्रॅडीरायझोबियम सावकाश वाढतं. कॉलन्या मोजण्याजोग्या व्हायला पाच ते सात दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. तिसऱ्या दिवशी मोजून पाकीट नापास करणं हा त्या पाकिटावर अन्याय आहे.

मोजदाद आणि गुणाकार

समजा असे आकडे आले. −४ च्या प्लेटवर मोजता न येण्याइतक्या कॉलन्या. −५ वर ७८, ८५ आणि ८३. −६ वर ७, १० आणि ८.

कोणत्या प्लेट धरायच्या? ३० ते ३०० च्या मधल्या. हा नियम पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखा आहे. कॉलन्यांची संख्या कमी असेल तर नुसत्या योगायोगाने पडणारा फरक मोठा असतो, साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढा. ३० कॉलन्यांना तो साडेपाच, म्हणजे १८ टक्के. ३०० ना १७, म्हणजे ६ टक्के. आणि ३०० च्या वर गेलं की कॉलन्या एकमेकींत मिसळतात, अन्नासाठी भांडतात, काही दिसण्याइतक्या वाढतच नाहीत. काही पद्धतींमध्ये ही मर्यादा २५ ते २५० अशी धरतात. तुमच्या प्रयोगशाळेत जी असेल ती एकच ठेवा.

तर −५ ची सरासरी ८२. सूत्र असं:

सीएफयू प्रति ग्रॅम = कॉलन्या × डायल्युशन फॅक्टर ÷ प्लेटवर पसरवलेलं आकारमान

८२ × १,००,००० ÷ ०.१ = ८,२०,००,०००, म्हणजे ८.२ कोटी. पाकीट पास.

आता तेच आपल्या प्रश्नाने करून पाहा. या प्लेटवर मूळ भुकटी किती? १ मायक्रोग्रॅम. त्यात ८२. एका ग्रॅममध्ये १० लाख मायक्रोग्रॅम. ८२ × १० लाख = ८.२ कोटी. सूत्र विसरलं तरी चालतं, आणि चुकलं तर लगेच सापडतं. −६ च्या प्लेटही बघा: सरासरी ८.३ च्या आसपास, म्हणजे −५ च्या दहाव्या हिश्शाजवळ. साखळी नीट चालली याची ही खूण. −५ वर ८२ आणि −६ वर ४० असं दिसलं असतं तर मी निकाल न लिहिता पुन्हा पहिल्यापासून केलं असतं, कारण कुठेतरी टिप बदललेली नाही किंवा ट्यूब नीट हललेली नाही.

निकाल ८.२ कोटी असाच लिहा. ८,२०,१५,३४० असा आकडा अचूक वाटतो, पण ८२ कॉलन्यांमधून तेवढी अचूकता निघत नाही.

०.१ ची चूक, दोन्ही बाजूंनी

वरच्या हिशेबात ०.१ ने भागायचं राहिलं तर उत्तर ८२ लाख येतं आणि चांगलं पाकीट नापास होतं. ही चूक सगळ्यांना माहीत आहे. तिची जुळी बहीण जास्त धोक्याची आहे, आणि ती मी स्वतः घडताना पाहिली. मी काम शिकले त्या प्रयोगशाळेत प्लेटिंग एक जण करायचा आणि मोजणी दुसरा. प्लेटिंग करणाऱ्याने विचार केला की −५ मधून ०.१ मिली घेतलं म्हणजे खरं तर आणखी दहापट झालं, म्हणून त्याने प्लेटवर −६ लिहिलं. विचार चुकीचा नव्हता. मोजणाऱ्याने −६ वाचून १० लाखांनी गुणलं आणि नेहमीप्रमाणे ०.१ ने भागलं. दहाची पट दोनदा लागली. खरं उत्तर ८० लाखांच्या घरात होतं, अहवालात ८ कोटी गेले. फेरतपासणीत ते सापडलं म्हणून तो माल थांबला. तेव्हापासून मी प्लेटवर ट्यूबचा आकडा आणि आकारमान दोन्ही लिहिल्याशिवाय प्लेट इनक्युबेटरमध्ये जाऊ देत नाही.

प्लेटिंगची पद्धत बदलली की हा भागाकार बदलतो, हेही पाहून ठेवा. पोअर प्लेटमध्ये (नमुना वितळलेल्या अगरमध्ये मिसळतात ती पद्धत) बहुधा १ मिली टाकतात, तिथे १ ने भागायचं, म्हणजे काहीच बदलत नाही. थेंब पद्धतीत, जी माइल्स आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये मांडली, ०.०२ मिलीचे थेंब ठेवतात, तिथे ५० ने गुणावं लागतं. एका प्लेटवर सहा-आठ थेंब मावतात, त्यामुळे प्लेटची बचत होते. माध्यम कमी असलेल्या प्रयोगशाळांनी ही पद्धत जरूर शिकावी.

दोन डायल्युशन एकदम मर्यादेत आली तर

कधी −५ वर २८२ आणि २६८ येतात आणि −६ वर ३१ आणि ३३. चारही प्लेट ग्राह्य. मग कोणती घ्यायची यावर वाद होतात. आपला प्रश्न विचारा: या चार प्लेटवर मिळून मूळ भुकटी किती? −५ च्या दोन प्लेटवर एकेक मायक्रोग्रॅम, −६ च्या दोन प्लेटवर ०.१ मायक्रोग्रॅम. एकूण २.२. कॉलन्या एकूण ६१४. ६१४ ÷ २.२ = २७९ प्रति मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास २८ कोटी प्रति ग्रॅम. पाठ्यपुस्तकातलं भारित सरासरीचं लांबलचक सूत्र हेच सांगतं.

आणि एकही कॉलनी आली नाही तर? ‘शून्य’ लिहू नका. −५ च्या तीन प्लेटवर मिळून तुम्ही फक्त ३ मायक्रोग्रॅम भुकटी तपासली. तीत एकही सापडला नाही, एवढंच कळलं. एक जरी सापडला असता तर ग्रॅमला ३.३ लाख निघाले असते. म्हणून ‘३.३ लाखांपेक्षा कमी’ असं लिहायचं. कमी पातळ केलेल्या ट्यूबांच्या (−४, −३) प्लेट केल्या असतील तर त्या बघा.

याच तर्काने निकषातलं आणखी एक कलम समजतं. जैविक खतात लाख पट डायल्युशनला दुसऱ्या जिवाणूंची भेसळ दिसता कामा नये. −५ चा १ मिली टाकला तर भेसळीची एक कॉलनी म्हणजे ग्रॅमला १ लाख, ०.१ मिली टाकला तर १० लाख. ‘भेसळ आढळली नाही’ या वाक्याला प्लेटवरच्या आकारमानाशिवाय पूर्ण अर्थ येत नाही.

गुणायचं की भागायचं

नमुन्यात मूळ किती होतं हे शोधताना फॅक्टरने गुणायचं. पण रसायनाचं द्रावण बनवताना उलट असतं, तिथे भागायचं. १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) स्टॉकमधून १ + ९ केलं की १०० पीपीएम, पुन्हा केलं की १०, पुन्हा केलं की १. गोंधळ झाला तर एवढंच बघा की तुम्ही ट्यूबमधून मूळ नमुन्याकडे मागे चालला आहात की स्टॉककडून ट्यूबकडे पुढे.

दुपटीच्या डायल्युशनमध्ये फॅक्टर प्रत्येक पायरीला २ असतो. टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीत, जी १८९६ पासून चालत आली आहे, ट्यूब पद्धतीत ०.१ मिली सीरम आणि १.९ मिली सलाइन घेऊन २० पासून सुरुवात करतात आणि १ मिली + १ मिली करत ४०, ८०, १६०, ३२० असं जातात. गुठळ्या दिसणाऱ्या शेवटच्या ट्यूबचा फॅक्टर म्हणजे टायटर. इथे एक गोष्ट निसटते. प्रत्येक ट्यूबमध्ये नंतर तेवढंच अँटिजेन (मारलेल्या टायफॉइड जिवाणूंचं द्रावण) घातलं की सगळी डायल्युशन पुन्हा दुप्पट होतात. किटच्या पत्रकात टायटर अँटिजेन घालण्याआधीचं धरलं आहे की नंतरचं, ते वाचल्याशिवाय अहवाल लिहू नका. अँटिबायोटिकच्या एमआयसी चाचणीतही (जिवाणूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण शोधणाऱ्या) तसंच. ६४ मायक्रोग्रॅमच्या ट्यूबमध्ये तेवढंच जिवाणूंचं द्रावण घातलं की प्रत्यक्षात ३२ राहतात.

वहीत काय लिहायचं

नमुन्याचं वजन. बाटलीतलं सलाइन. प्रत्येक ट्यूबमध्ये ऑटोक्लेव्हनंतर किती सलाइन होतं. प्रत्येक पायरीला किती उचललं. कोणत्या ट्यूबमधून किती मिली पसरवलं. कॉलन्या, प्रत्येक प्लेटच्या वेगळ्या, नुसती सरासरी नको. आणि एक शेवटचा रकाना, जो मी माझ्या विद्यार्थ्यांना सक्तीने आखायला लावते: ‘या प्लेटवर मूळ नमुना’. तो मोजणीच्या दिवशी नव्हे, प्लेटिंगच्या दिवशीच भरायचा.

सरावासाठी तीन गणितं. उत्तर वाचण्याआधी स्वतः करा.

दूध. १ मिली दूध ९९ मिलीत, त्यातलं १ मिली ९ मिलीत, त्यातलं १ मिली पोअर प्लेटमध्ये. १४६ कॉलन्या. फॅक्टर १०० × १० = १०००. प्लेटवर दुधाचा हजारावा मिलीलिटर. उत्तर १,४६,०००, म्हणजे सुमारे १.५ लाख प्रति मिली.

पावसाळ्यानंतरची ओली माती. ५ ग्रॅम ४५ मिलीत, मग ०.१ मिली ९.९ मिलीत, असं दोनदा. ०.१ मिली पसरवलं, ५४ कॉलन्या. फॅक्टर १० × १०० × १०० = १ लाख. प्लेटवर १ मायक्रोग्रॅम माती. ओल्या मातीच्या ग्रॅमला ५.४ कोटी. पण मातीत २० टक्के ओल आहे, म्हणजे १ ग्रॅममध्ये कोरडी माती ०.८ ग्रॅमच. ५.४ ÷ ०.८ = सुमारे ६.८ कोटी प्रति ग्रॅम कोरडी माती. ओल न काढता दोन शेतांची तुलना करू नये.

द्रवरूप अ‍ॅझोटोबॅक्टर. १ मिली + ९ मिली अशा पाच पायऱ्या, −५ मधून ०.१ मिली, १२० कॉलन्या. उत्तर १२ कोटी प्रति मिली, निकष १० कोटी, पास. पण वही पाहिली तर चौथ्या ट्यूबसमोर नोंद आहे की तिच्यात ९ ऐवजी ४ मिलीच सलाइन होतं. त्या पायरीचा फॅक्टर ५. एकूण १० × १० × १० × ५ × १० = ५०,०००. १२० × ५०,००० ÷ ०.१ = ६ कोटी. नापास.